मानसिक आजाराच्या गोळ्यांनी पाळी थांबली तर काढा द्यायच्या आधी हे करा

घरात बहिणीला, सुनेला रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड, पॅलिपेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉल चालू आहे आणि पाळी दोन-तीन महिने आलीच नाही, किंवा बाळ नसताना छातीतून दूध येतंय, तर लगेच ठाण्याच्या जांभळी नाक्यावर काष्ठौषधी आणायला जाऊ नका. आधी रक्तातलं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, तपासा. या गोळ्या मेंदूत डोपामिन नावाच्या रसायनाला अडवतात, आणि प्रोलॅक्टिनला आवरून धरायचं काम तेच डोपामिन करत असतं, त्यामुळे प्रोलॅक्टिन वाढत जातं आणि पाळी बंद पडते. वर्षानुवर्षं असंच राहिलं तर हाडंही ठिसूळ होतात, म्हणून "पाळी नाही तर बरंच आहे, कटकट गेली" असं कृपा करून म्हणू नका.

रक्त सकाळी, पण उठल्यावर दोन-तीन तासांनी द्यायचं, आणि लोकलमधून धक्के खात आल्या आल्या नाही, लॅबमधे थोडं शांत बसून मग, कारण नुसत्या ताणानेही आकडा वर जातो. बायकांमधे साधारण 25 ng/mL पर्यंत नॉर्मल धरतात. सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि प्रेग्नन्सी टेस्ट करून घ्या. आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही, अॅसिडिटीच्या कॅप्सूलचं पाकीट उलटून वाचा, त्यात डोम्पेरिडोन किंवा लेवोसल्पिराइड असेल तर तेसुद्धा प्रोलॅक्टिन वाढवतं.

आता जडीबुटीचं. शतावरी आणि मेथी आपल्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात, मग दूध नको असताना "बायकांसाठी चांगली असते" म्हणून शतावरी कल्प का द्यायचा? कवचबीज, म्हणजे खाजकुइरीचं बी, प्रोलॅक्टिन खाली आणू शकतं हे खरंय, पण त्यात लेव्होडोपा असतं, त्याचं शरीरात डोपामिन होतं, आणि त्याने भास, संशय परत उसळू शकतात, तर हे स्वतःच्या मनाने अजिबात नको. सेंट जॉन्स वर्ट नावाची परदेशी जडीबुटी ऑनलाइन मिळते, त्याने क्वेटियापिनसारख्या मानसिक आजाराच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण घटतं, म्हणजे गोळी रोज घेऊनही आजार उलटू शकतो. चीन-जपानकडे पिओनी या फुलझाडाचं मूळ आणि ज्येष्ठमध यांचा काढा वापरतात, रिस्पेरिडोन घेणाऱ्या बायकांवर त्याच्या छोट्या चाचण्या झाल्यात आणि प्रोलॅक्टिन उतरलेलं दिसलंय. तरी घरी ज्येष्ठमध उकळून रोज पाजणं वेगळं, त्याने बीपी वाढतं, पोटॅशियम कमी होतं, आणि यातल्या काही गोळ्यांचा हृदयाच्या ठोक्यांवर आधीच परिणाम असतो. वैद्यांकडे जायचं तर जरूर जा, पण गोळ्यांची सगळी चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवा, आणि काढ्याचं नाव सायकियाट्रिस्टलाही सांगा.

गोळी मात्र एक दिवसही आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, डोस कमी होईल का, गोळी बदलता येईल का, किंवा कमी डोसचं अॅरिपिप्राझोल जोडता येईल का, त्याने बऱ्याच जणींचं प्रोलॅक्टिन खाली येतं. डोकं सतत दुखत असेल किंवा कडेचं नीट दिसत नसेल तर एमआरआयचं विचारा. पाळीचं बोलायला ती लाजत असेल तर तारखा कागदावर लिहून द्या, ओपीडीत तेवढं पुरतं. रात्री-बेरात्री घाबरायला झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि गोळी बदलल्यावर पाळी दिसायच्या आधीच दिवस राहू शकतात, लग्न झालेल्या मुलींना हे आधीच सांगून ठेवा.