‘फॅक्टर’ कोठे वापरावा आणि कोठे दुसरा शब्द निवडावा

इंग्रजीत अहवाल, निबंध किंवा अर्ज लिहिताना कारण, गुण, बाजू, निकष, परिस्थिती अशा जवळजवळ प्रत्येक गोष्टीसाठी ‘फॅक्टर’ हा एकच शब्द आपल्या हाताशी येतो. व्याकरणाच्या दृष्टीने तो क्वचितच चुकतो, आणि म्हणूनच त्याची सवय सुटत नाही. मात्र वाचणाऱ्याला नेमके काय म्हणायचे आहे ते कळत नाही, कारण लिहिणाऱ्यानेच ते ठरवलेले नसते.

या शब्दाचे मूळ ‘करणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे आणि ‘फॅक्टर’ म्हणजे मुळात ‘करणारा’. इंग्रजीत तो दीर्घकाळ माणसासाठी वापरला जात असे. दुसऱ्याच्या वतीने व्यापार पाहणारा तो फॅक्टर. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरवर्गात या नावाचे पदच होते, आणि असे लोक जेथे बसून व्यवहार करत ती जागा म्हणजे ‘फॅक्टरी’. त्यामुळेच 1613 साली सुरतेला इंग्रजांची जी फॅक्टरी सुरू झाली तिला आपण कारखाना न म्हणता वखार म्हणतो, आणि तेच योग्य आहे. पुढे माणूस मागे पडला आणि ‘एखादा परिणाम घडवण्यात ज्याचा हात असतो ते’ असा अर्थ रूढ झाला. गणितातही हेच दिसते. 3 आणि 4 यांचा गुणाकार 12 होतो, म्हणून ते 12 चे फॅक्टर, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांतील विभाजक, आणि बीजगणितात अवयव.

यातून दोन कसोट्या मिळतात. ज्या गोष्टीला आपण फॅक्टर म्हणतो आहोत तिने काही परिणाम घडवला आहे का, ही पहिली. आणि तो घडवण्यात तिला इतर गोष्टींची साथ होती का, ही दुसरी. परिणामच नसेल तर ती गोष्ट नुसता गुण, बाजू किंवा तपशील असते. परिणाम आहे पण तो एकाच गोष्टीने घडवला आहे, असे असेल तर ते सरळ कारण असते आणि त्यासाठी ‘कॉज’ हा शब्द आहे. इमारतीला लागलेल्या आगीचे उदाहरण घ्या. शॉर्ट सर्किटमुळे ठिणगी पडली, हे आगीचे ‘कॉज’. जिन्यात साठवलेले पुठ्ठ्याचे खोके, बंद ठेवलेले मागचे दार आणि उशिरा वाजलेली धोक्याची घंटा हे आग पसरण्यातील ‘फॅक्टर्स’. यांपैकी एकट्या कशानेही आग लागली नसती, पण तिन्ही मिळून नुकसान वाढले. अहवालात शॉर्ट सर्किटलाही ‘वन ऑफ द फॅक्टर्स’ म्हटले, तर मूळ कारण गर्दीत हरवते आणि जबाबदारी कोणाची हेही धूसर होते. कधी कधी ते तसे व्हावे म्हणूनच हा शब्द वापरला जातो, हेही खरे.

‘रीझन’ याहून वेगळा आहे. एखादी गोष्ट का केली किंवा का झाली याचे स्पष्टीकरण तो देतो. विशेषतः माणसाने विचारपूर्वक केलेल्या कृतीबाबत तो शोभतो. निर्णय घेताना मनात तोलल्या गेलेल्या मुद्द्यासाठी ‘कन्सिडरेशन’ अधिक नेमका आहे, तर निवडीआधीच ठरवून ठेवलेल्या निकषासाठी ‘क्रायटेरियन’, ज्याचे अनेकवचन ‘क्रायटेरिया’ होते. भोवतालच्या स्थितीसाठी ‘सर्कमस्टन्स’ आहे. न्यायालयात शिक्षा सौम्य करणाऱ्या बाबींना ‘मिटिगेटिंग फॅक्टर्स’ आणि ‘मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस’ असे दोन्ही म्हणतात. ‘डिटर्मिनंट’ हा संशोधनातील शब्द असून परिणाम किती आणि कसा होईल हे ठरवणाऱ्या गोष्टीपुरता तो राखून ठेवावा. ‘ॲस्पेक्ट’ म्हणजे केवळ बाजू. ती काही घडवते असा दावा त्यात नसतो, त्यामुळे पहिल्या कसोटीत नापास झालेल्या अनेक ‘फॅक्टर्स’ना हाच शब्द लागू पडतो.

गुणांच्या बाबतीत गोंधळ अधिक होतो. प्रामाणिकपणा हा उमेदवाराचा ‘फॅक्टर’ नसतो. ती त्याची ‘क्वालिटी’ असते. निवड समितीने त्या गुणाला वजन दिले आणि त्यामुळे निवड झाली, तरच तो त्या निवडीतील फॅक्टर ठरतो. वस्तूच्या ठळक वैशिष्ट्यासाठी ‘फीचर’, आणि व्यक्तीला किंवा वस्तूला मूलतः चिकटलेल्या गुणधर्मासाठी ‘ॲट्रिब्यूट’ वापरावा. ‘वॉव फॅक्टर’, ‘फील-गुड फॅक्टर’, ‘एक्स फॅक्टर’ यांत मात्र हा शब्द गुणाच्याच अर्थाने येतो. ही बोलण्यातील आणि जाहिरातीतील भाषा आहे. औपचारिक लेखनात ती हलकी वाटते.

मराठी माणसाची बहुतेक अडचण ‘घटक’ या शब्दातून येते. शब्दकोशात फॅक्टरसमोर घटक दिलेला असतो आणि आपण तो उलटा वाचून प्रत्येक घटकाला फॅक्टर करतो. पण मराठीतील घटक फार मोठा संसार सांभाळतो. औषधातील घटक म्हणजे ‘इन्ग्रीडियंट’, यंत्राचा घटक म्हणजे ‘कॉम्पोनंट’, संघराज्यातील घटक राज्य म्हणजे ‘कॉन्स्टिट्युअंट स्टेट’, समाजातील दुर्बल घटक म्हणजे ‘वीकर सेक्शन्स’, आणि शाळेतील घटक चाचणी म्हणजे ‘युनिट टेस्ट’. यांपैकी एकाही ठिकाणी फॅक्टर चालत नाही, कारण हे सर्व एखाद्या गोष्टीचे भाग आहेत. फॅक्टर हा परिणामाचा भागीदार असतो. उलट अर्थशास्त्रातील उत्पादनाचे घटक, म्हणजे भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजक, हे खरोखरच ‘फॅक्टर्स ऑफ प्रॉडक्शन’ आहेत, कारण ते मिळून उत्पादन घडवतात.

काही पारिभाषिक जोड्या तशाच ठेवाव्यात. विजेच्या क्षेत्रातील ‘पॉवर फॅक्टर’, रक्तगटातील ‘आरएच फॅक्टर’, वाढीला मर्यादा घालणारा ‘लिमिटिंग फॅक्टर’ यांच्या जागी समानार्थी शब्द घालून शैली साधण्याचा प्रयत्न करू नये. हिमोफिलियाच्या ‘ए’ प्रकारात रक्त गोठवणाऱ्या आठव्या फॅक्टरची कमतरता असते आणि ‘बी’ प्रकारात नवव्याची; तेथे तर हे नावच आहे. ‘रिस्क फॅक्टर’ वापरताना मात्र जपावे. उच्च रक्तदाब हा पक्षाघाताचा रिस्क फॅक्टर आहे याचा अर्थ त्यामुळे शक्यता वाढते. रक्तदाब असलेल्या प्रत्येकाला पक्षाघात होतो असे नाही, आणि पक्षाघात झालेल्या प्रत्येकाला रक्तदाब असतोच असेही नाही.

कोणत्या शब्दानंतर कोणते शब्दयोगी अव्यय येते, याकडे आता वळू. ‘कॉज’नंतर ‘ऑफ’ येतो, ‘रीझन’नंतर ‘फॉर’ आणि कार्यकारणाच्या अर्थाने ‘फॅक्टर’नंतर बहुधा ‘इन’. मराठीत ‘अपघाताचे कारण’ पण ‘निर्णयातील घटक’ असे आपण सहज म्हणतो. त्या ‘-तील’वर लक्ष ठेवले की ‘इन’ आपोआप सुचतो. ‘रिस्क फॅक्टर’ला ‘फॉर’ लागतो. ‘फॅक्टर ऑफ’ मुख्यतः गणितात आणि ठरावीक संज्ञांत येतो. ‘वन ऑफ द’नंतर ‘फॅक्टर्स’ असे अनेकवचनच हवे, क्रियापद मात्र एकवचनी ‘इज’. ही चूक इतकी सर्रास होते की छापील मजकुरातही ती डोळ्यांआड जाते.

‘बाय अ फॅक्टर ऑफ थ्री’ या रचनेत पटीचा अर्थ आहे. 200 अर्ज होते आणि ते या प्रमाणात वाढले, तर ते 600 झाले, 800 नव्हे. म्हणजे वाढ 200 टक्के झाली. ‘बाय अ फॅक्टर ऑफ फोर’ कमी झाले, तर 200 चे 50 उरले. ज्यांना पट आणि टक्के यांत घोळ नको आहे त्यांनी सरळ ‘ट्रिपल्ड’ किंवा ‘फेल टू अ क्वार्टर’ लिहावे.

क्रियापद म्हणून ‘फॅक्टर इन’ याचा अर्थ हिशेबात धरणे असा होतो: खर्चाचा अंदाज बांधताना प्रवासभाडे ‘फॅक्टर इन’ करतात. कर्म सर्वनाम असेल तर ते मध्ये येते, म्हणजे ‘फॅक्टर इट इन’. औपचारिक पत्रात ‘टेक इन्टू अकाउंट’ अधिक बरे दिसते.

दुरुस्ती कशी करायची हे एका नमुन्यावर पाहावे. समजा, काम लांबल्याबद्दलच्या अहवालात पुढील वाक्य आहे: ‘द टाइम फॅक्टर अँड द स्टाफ फॅक्टर वेअर द मेन फॅक्टर्स रिस्पॉन्सिबल फॉर द डिले.’ तीन वेळा फॅक्टर आला, तरी काय घडले ते समजले नाही. ‘टाइम फॅक्टर’ तर येथे निव्वळ पुनरुक्ती आहे, कारण विलंब हा वेळेचाच असतो. ते काढून टाकावे. ‘स्टाफ फॅक्टर’ म्हणजे काय, हे लिहिणाऱ्याला विचारावे. माणसे कमी होती, नवखी होती की रजेवर होती? उत्तर मिळाले की वाक्य असे होते: ‘द वर्क वॉज डिलेड बिकॉज टू ऑफ द फोर इंजिनिअर्स वेअर ऑन लीव्ह.’ आता फॅक्टर एकदाही उरला नाही. पुढे चौकशीत साहित्यही उशिरा पोहोचल्याचे आढळले, तर ‘लेट डिलिव्हरी ऑफ मटेरियल्स वॉज ऑल्सो अ फॅक्टर’ हे वाक्य जोडावे. येथे तो शब्द दोन्ही कसोट्यांना उतरतो, आणि साहित्याला उशीर झाला होता एवढे स्पष्ट सांगितल्यामुळे वाचणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही.