जुन्या पीसीवर मिंट बसवताना

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले आणि विंडोज ११ घरच्या जुन्या डेस्कटॉपवर चालेना, म्हणून लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेतली. पण पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलेशन दर वेळी वेगळ्याच टप्प्यावर अडकायचं. एकाच जागी अडकलं असतं तर पेनड्राइव्हवर संशय घेतला असता. जागा बदलते म्हटल्यावर बहुतेक रॅमच (पीसीची कामचलाऊ मेमरी) बिघडलेली. पेनड्राइव्हच्या बूट मेनूतच मेमरी टेस्ट होती, ती रात्रभर लावली. सकाळी स्क्रीनभर लाल ओळी, म्हणजे मेमरीतल्या चुका!

वायर काढून कॅबिनेट उघडलं. रॅमच्या दोन्ही पट्ट्यांच्या सोनेरी पिना खोडरबरने हलक्या हाताने घासल्या, भुकटी स्लॉटपासून लांब झटकली आणि एकेक पट्टी वेगळी तपासली. एक ठणठणीत. दुसरी स्लॉट बदलूनही लालच, ती काढूनच टाकली. उरलेल्या ४ जीबीवर मिंट विनातक्रार बसलं.

नंतर अपडेट अडले, कारण घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं. पीसी बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपलेला. तो बदलून बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) तारीख टाकली, अपडेट सुरू झाले.