बोअरच्या पाण्यातलं लोह कार्बन डॉट्सनी मोजताना

कार्बन डॉट्स म्हणजे अतिनील प्रकाशात निळे चमकणारे कार्बनचे अतिसूक्ष्म कण; लोह ही चमक विझवतं, आणि ती किती विझली त्यावरून लोह मोजता येतं. हे डॉट्स संत्र्याच्या रसापासूनही होतात, आणि नागपुरात तो मोह सुटत नाही. पण आंबिया बहाराचा रस वेगळा, मृगाचा वेगळा; दर खेपेला चमक बदलते. मोजमाप करायचं तर बाटलीतलं सायट्रिक अ‍ॅसिडच बरं.

१० मिली डिआयोनाइज्ड पाण्यात १.०५ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड मोनोहायड्रेट विरघळवा. फ्यूम हूडखाली ०.३३५ मिली एथिलीनडायअमाइन थेंबाथेंबाने घाला. टेफ्लॉन अस्तराच्या २५ मिली ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात) २०० अंशांवर ५ तास ठेवा. भांडं आपोआप गार होऊ द्या, घाईने नळाखाली धरू नका. द्रव ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि १००० डाल्टनच्या (त्याहून लहान रेणू बाहेर सोडणाऱ्या) पिशवीत, पाणी बदलत, दोन दिवस डायलिसिस करा. ही पायरी टाळली की चमकतात ते बरेचसे डॉट्स नसून उरलेले छोटे रेणू असतात.

१० मिलिमोलर फेरिक (तीन धनभारांच्या लोहाच्या) द्रावणासाठी ०.४८२ ग्रॅम फेरिक अमोनियम सल्फेट (१२ पाण्याचं) सौम्य आम्लात विरघळवून १०० मिली करा. त्यातून ०, ५, १०, २०, ३० आणि ५० मायक्रोमोलरची प्रमाण द्रावणं बनवा. निकाल मिलिग्रॅममध्ये हवा असेल तर ०.३ मिलिग्रॅम प्रति लिटर लोह म्हणजे साधारण ५.४ मायक्रोमोलर, हे लक्षात असू द्या.

क्युवेटमध्ये (चमक मोजायच्या पारदर्शक कुपीत) २.५ मिली नमुना, ०.३ मिली अ‍ॅसिटेट बफर (१ मोलर, पीएच ४) आणि ०.२ मिली डॉट्स. डॉट्स इतके पातळ करून घ्या की या मिश्रणाचं ३६० नॅनोमीटरवरचं शोषण ०.१ च्या आत राहील. ३६० ला उत्तेजित करून ४४५ च्या आसपास वाचा. एफ-शून्य (लोह नसतानाची चमक) भागिले एफ (लोह असतानाची चमक), विरुद्ध लोहाची मात्रा, असा आलेख काढा. प्रमाण द्रावणंही याच मापात मिसळली असतील तर वेगळा गुणक लावायची गरज नाही.

खरी फसगत नमुन्यातच होते. बोअरचं पाणी उपसल्यावर नितळ दिसतं, तासाभराने तांबूस होतं: आतलं लोह बहुतांशी फेरस (दोन धनभारांचं) असतं आणि हे डॉट्स फेरिकला जास्त ओळखतात. म्हणून पाणी घेतल्या जागीच नायट्रिक अ‍ॅसिडने पीएच २ च्या खाली आणा. मोजण्याआधी थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून १० मिनिटं उकळा आणि आकारमान पूर्ववत करा. प्रमाण द्रावणांना आणि कोऱ्यालाही (लोह नसलेल्या द्रावणालाही) हेच सोपस्कार करा, आणि मिसळल्यावर प्रत्येकाचा पीएच मोजा. पीएच वर गेला तर फेरिक हायड्रॉक्साइड खाली बसतं. फॉस्फेट बफर चुकूनही नको, तो लोहच पकडतो.

फेरिक स्वतःही ३६० च्या आसपास प्रकाश शोषतं, त्यामुळे जास्त मात्रेत चमक निव्वळ झाकली जाते. अंबाझरीसारख्या तलावाच्या पाण्यातले सेंद्रिय पदार्थ निळसर चमकतात. म्हणून डॉट्स न घातलेल्या नमुन्याचं वाचन वजा करा.

मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत तापमान चढतं तसं डॉट्सचं तेज उतरतं. कोरा आणि नमुना एकाच तापमानाला आणा. फ्रिजमधून काढलेल्या क्युवेटवर दव धरतं, तेही पुसा.

शेवटी एका नमुन्यात मुद्दाम १० मायक्रोमोलर फेरिक घाला. मोजलेली वाढ ९ मायक्रोमोलरच्या खाली आली तर पाण्यातलं फ्लोराइड लोह बांधून ठेवत असावं. विदर्भातल्या बोअरला ही शंका आधी घ्यावी. वाढ बरोबर येऊनही एकूण आकडा फुगलेला वाटला तर तांबं तपासा, तेही हेच डॉट्स विझवतं.