बद्धकोष्ठासाठी कायरोप्रॅक्टरकडे जायचं आहे? त्याआधी काय करावं

कायरोप्रॅक्टर म्हणजे मणक्याला हाताने झटका देऊन उपचार करणारा. पाठीतून ‘कट्’ असा आवाज काढणारे त्यांचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर येतात. मणका जागेवर बसला की पोटही साफ होईल, असं त्यात सांगितलेलं असतं. वर्षानुवर्षं चूर्ण खाऊन कंटाळलेल्या माणसाला ते पटतं, कारण त्याला कसंही करून सकाळी मोकळं व्हायचं असतं. कंबरदुखीत या उपचाराने काहींना आराम पडतो, हे खरं. पण मोठ्या माणसाचं बद्धकोष्ठ त्याने बरं होतं, याला भक्कम पुरावा नाही. म्हणून पैसे आणि मान दुसऱ्याच्या हातात देण्याआधी पुढच्या गोष्टी क्रमाने करा.

आधी धोक्याची लक्षणं तपासा. शौचावाटे रक्त जातंय, वजन आपोआप उतरतंय, हिमोग्लोबिन कमी आलंय, पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर सवय अचानक बदलली आहे किंवा घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला आहे, यांतलं काहीही असेल तर थेट डॉक्टरांकडे जा. पोट फुगून उलट्या होत असतील आणि गॅसही सरत नसेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तरीही तसंच. अशा वेळी पाठीला कोणालाही हात लावू देऊ नका.

मग औषधांचा डबा उघडा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधं, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं यांनी शौचाला घट्ट होतं. गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. थायरॉईड आणि साखरही एकदा तपासा. रोजच्या चूर्णात सोनामुखी, म्हणजे आतड्याला जोराने हलवणारं रेचक, आहे का, तेही पाकिटावर वाचून डॉक्टरांना सांगा.

बसण्याची पद्धत बदला. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच पायरी, आणि तिला खर्च जवळजवळ नाही. गुदाशयाभोवती एक स्नायू गोफणीसारखा असतो आणि तो गुदाशयाला पुढे ओढून धरतो. उकिडवं बसलं की तो सैल पडतो आणि वाट सरळ होते. कमोडवर गुडघे खाली राहतात, त्यामुळे ती वाट पुरती मोकळी होत नाही. पायांखाली सात-आठ इंच उंचीचं लहान स्टूल घ्या. पाट पुरत नाही, तो फार बुटका असतो. गुडघे कमरेच्या वर येऊ द्या, थोडं पुढे वाका, कोपरं मांड्यांवर टेका. श्वास रोखून कुंथू नका. पोट सैल सोडून श्वास हळूहळू सोडा.

वेळ ठरवा ती नाश्त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हलतं आणि सकाळी ही हालचाल जास्त असते. दहा मिनिटांत नाही झालं तर उठा. मोबाईल बाहेर ठेवा. आणि कळ आली की ऑफिसचं कारण सांगून दाबून ठेवू नका.

ताटात चोथा वाढवा, पण हळूहळू. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सुचवते. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालीसकट मूग, गवार, पालेभाजी, पेरू, भिजवलेल्या काळ्या मनुका यांतून ते जमतं. एकदम वाढवलं तर पोट गुबारतं. इसबगोल घेत असाल तर एक-दोन चमचे पूर्ण पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्या आणि वर आणखी पाणी घ्या. कमी पाण्यात घेतलेलं इसबगोल फुगून अडकू शकतं.

हाताने काही करायचंच असेल तर पोट चोळा. उताणं झोपून गुडघे वाकवा. ओटीपोटाच्या उजव्या बाजूला सुरुवात करून हात वर बरगडीपर्यंत न्या, तिथून आडवा डावीकडे, मग डाव्या बाजूने खाली. मोठं आतडं याच वाटेने जातं. दहा-पंधरा मिनिटं, हलक्या दाबाने. जेवणानंतर लगेच नको. गरोदरपणात, हर्निया असताना किंवा पोटाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

आता कायरोप्रॅक्टरबद्दल. ही पद्धत डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट इथे सुरू केली. मणके किंचित सरकले की नसा दबतात आणि आतले अवयव बिघडतात, ही मूळ कल्पना. आतड्याच्या बाबतीत ती जुळत नाही. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं. त्याला मदत करणारी व्हेगस नस निघते कवटीतून. गुदाशयाकडे जाणारे तंतू कमरेखालच्या त्रिकोणी हाडातून बाहेर येतात, आणि त्या हाडातले मणके मोठेपणी एकमेकांना पक्के जुळलेले असतात. तिथे सरकवण्यासारखं काही उरलेलं नसतं. ‘कट्’ हा आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी झाल्याचा असतो.

तरीही कंबरदुखीसाठी जाणार असाल तर त्याचं शिक्षण विचारा आणि हाडं ठिसूळ असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. मानेला झटका देऊ देऊ नका. त्याने मानेतली रक्तवाहिनी फाटल्याच्या क्वचित का होईना, पण घटना घडल्या आहेत, आणि पोटासाठी मान मोडण्याचं कारणच नाही. वीस बैठकींचं पॅकेज पहिल्याच दिवशी पुढे केलं तर उठून या. तान्ह्या बाळाला तर नेऊच नका.

एवढं करूनही महिनाभरात फरक नसेल तर पोटविकारतज्ज्ञांना एक प्रश्न विचारा: शौचाच्या वेळी माझे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडण्याऐवजी उलटे आवळले जातात का? अनेकांना मऊ शौचालाही कुंथावं लागतं, बोटाने मदत करावी लागते, पण लाजेने ते सांगत नाहीत. गुदाशयाचा दाब मोजून आणि छोटा फुगा बाहेर ढकलता येतो का हे पाहून याचं निदान होतं. त्यावर बायोफीडबॅक नावाचं प्रशिक्षण असतं. त्यात स्नायू सैल कसा सोडायचा, हे पडद्यावर बघत शिकवतात. या त्रासावर त्याचा उपयोग सिद्ध झाला आहे, आणि मोठ्या शहरांतल्या पोटविकार विभागांत त्याची चौकशी करता येते.