लाल भोपळा काढताय? आधी देठ बघा

जून-जुलैत लावलेले लाल भोपळे (कुणी डांगर म्हणतं, कुणी काशीफळ) आता दिवाळीच्या आसपास काढणीला येतायत. दरवर्षी तेच होतं, लोक एकदम सगळे तोडून ट्रॉलीत टाकतात, घरी आणून कोपऱ्यात रचतात आणि महिन्याभरात खालचे सडायला लागले की म्हणतात वाणच टिकत नाही. वाणाचा फरक असतो, नाही असं नाही. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का सूर्यमुखी हा लहान फळाचा वाण टिकायला चांगला म्हणूनच ओळखला जातो. पण भोपळा किती टिकणार हे अर्धं तर तोडतानाच ठरतं, घरात आणल्यावर नाही.

वेलीवर तयार झालाय का ते असं बघायचं, सालीवर नख दाबा, नख रुतलं तर अजून थांबा. देठ हिरवा मऊ न राहता वाळून कडक झालेला पाहिजे आणि जमिनीला टेकलेला डाग पांढरट न राहता पिवळसर व्हायला हवा. काढणीच्या आधी आठ-दहा दिवस पाणी बंद करा. तोडायचा तो दव उडाल्यावर, कोरड्या हवेत, आणि हाताने पिळून नाही तर कात्रीने नाहीतर धारदार कोयत्याने, देठ तीन-चार बोटं ठेवून. देठ तुटला की तिथे उघडी जखम राहते आणि सड पहिली तिथूनच शिरते. म्हणून देठाला धरून उचलायचं पण नाही, मोठा भोपळा असला तर दोन्ही हात खाली घालून उचला. ट्रॉलीत खाली कडबा किंवा पेंढा टाका, फेकाफेकी नको. आतून चेपलेला भोपळा बाहेरून चांगला दिसतो आणि पंधरा दिवसांनी दगा देतो.

आणल्या आणल्या लगेच माळ्यावर चढवू नका. ओसरीत किंवा शेडमध्ये, सावलीत पण वारा खेळेल अशा जागी दहा-बारा दिवस सुटे पसरून ठेवा, म्हणजे बारीकसारीक ओरखडे सुकतात आणि साल आणखी टणक होते. धुवायचं नाही, माती कोरड्या फडक्याने पुसायची बस. नंतर जागा कोरडी, अंधारी आणि थंड बघा, साधारण १० ते १५ अंश मिळालं तर उत्तम, पण आपल्याकडे ते थंडीतच मिळतं म्हणून घरातली त्यातल्या त्यात गार खोली धरा. अख्खा भोपळा फ्रिजमध्ये ठेवायच्या फंदात पडू नका, १० अंशाच्या खाली फार दिवस राहिला की तो आतून बिघडतो. थेट फरशीवर ठेवू नका, खाली फळी नाहीतर पेंढा पाहिजे, आणि एकमेकांना टेकता कामा नयेत. जुन्या घरांत शिंक्यात टांगतात ती पद्धत मला तरी आजही सगळ्यात बेस्ट वाटते, हवा चारी बाजूंनी लागते आणि उंदीरही सहज पोचत नाही. पिकती केळी, पपई शेजारी ठेवू नका. आठवड्यातून एकदा प्रत्येक भोपळा हातात घेऊन देठाकडून आणि बुडाकडून दाबून बघा. मऊ लागला की लगेच बाजूला काढा, थोडासाच भाग गेला असेल तर तो भरपूर कापून टाकून उरलेला त्याच दिवशी शिजवा.

अशी काळजी घेतली तर दोन-तीन महिने आरामात निघतात, म्हणजे भोगीच्या भाजीपर्यंत. विकायचे असतील तरी सगळे काढणीच्याच आठवड्यात बाजारात नेऊ नका, ओरखडे पडलेले आणि देठ तुटलेले आधी विका किंवा खा, धडधाकट मागे ठेवा.

चिरायला सुरी फिरते आणि बोट जातं, तेव्हा खाली ओलं फडकं घाला, देठाच्या बाजूने कोयता घालून आधी दोन भाग करा आणि सपाट बाजू खाली ठेवून पुढचं विळीवर. कापल्यावर बिया आणि रेषाळ गर लगेच काढून टाका, खराब व्हायला सुरुवात तिथूनच होते. फोड डब्यात घालून फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहते. जास्त असेल तर किसून, वाफवून फ्रीजरमध्ये टाका.

ठेवलेला भोपळा गोड होत जातो कारण आतल्या पिठाची साखर होते, म्हणून घारग्याला गूळ हात राखून घाला. दोन वाट्या कीस असेल तर पाऊण वाटी गूळ पुरतो. दोन्ही एकत्र शिजवून गार करा, मीठाची चिमूट, वेलची, चमचाभर तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक, पाणी अजिबात नको. भाजीला मेथीदाण्याची फोडणी, सालीसकट मोठ्या फोडी, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायची. फार शिजली तर लगदा होतो, मग त्यात दही, मिरची, कोथिंबीर घालून भरीत करा आणि कुणाला सांगू नका.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. शिजवायच्या आधी कच्चा तुकडा जिभेला लावून बघा, कडू लागला तर थुंका आणि अख्खा भोपळा फेका, गूळ-मसाला घालून झाकायचा नाही, त्याने उलट्या-जुलाब होतात. आणि त्याच्या बिया तर बियाण्याला मुळीच ठेवू नका.