जिनिंगमधलं सुरक्षा प्रशिक्षण: या चुका टाळा

दसरा झाला की जळगाव, धरणगाव, चोपडा, शहादा भागातल्या जिनिंगांच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांच्या, फाटकावर कापसाच्या गाड्या लागतात. सुरक्षेचं बॅनर मात्र निघतं ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला. शपथ, फोटो, नाश्ता. तोवर हंगाम उतरणीला लागलेला असतो आणि ज्याने हंगामभर यंत्रावर हात चालवला त्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं. प्रशिक्षण पहिली गाडी रिकामी होण्याआधी हवं. मुकादम हंगामाच्या मध्येच माणसं बदलतो, म्हणून नव्या टोळीला ते पुन्हा द्यायला हवं.

दुसरी चूक बोलीची. सातपुड्याच्या पाड्यांवरून आलेला मजूर पावरी बोलतो, गावचा अहिराणी, सीमेपलीकडचा हिंदी. त्यांच्यापुढे इंग्रजी स्लाइड लावायची आणि शेवटी विचारायचं, ‘समजनं का भो?’ सगळे ‘हां’ म्हणतात. साहेबाला ‘नाही समजलं’ असं कोण म्हणणार? त्यापेक्षा एकाला पुढे बोलवा आणि म्हणा, दाखव करून.

काय दाखवायचं, तर अडकलेला कापूस काढणं. जिनिंगमध्ये बोटं जातात ती इथेच, आणि ‘निष्काळजीपणा’ हा शेरा मला पटत नाही. रोलरपाशी गुंता झाला की मशीन बंद करायला, पुन्हा सुरू करायला वेळ जातो. मागून मुकादम ओरडत असतो, मजुरी कामाच्या हिशोबाने असते. माणूस हात घालतो. पद्धत अशी शिकवा: बटण बंद करा, रोलर पूर्ण थांबेपर्यंत थांबा (बटण दाबल्यावरही तो काही वेळ फिरत राहतो), मेन स्विच पाडून कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. मग चालू करायचं बटण एकदा दाबून बघा. मशीन जागचं हललं नाही तरच आकड्याने (हुकाने) कापूस ओढा. किल्ली मुकादमाकडे दिली, तर कुलूप लावून उपयोग नाही. हे प्रत्येकाकडून करून घ्यायला अर्धा दिवस जातो, जाऊ द्या.

हातमोज्यांबद्दल भलताच गैरसमज आहे. सुरक्षा म्हणजे हेल्मेट, मोजे, बूट असं डोक्यात बसल्यामुळे फिरत्या रोलरपाशीही मोजे घालायला लावतात. मोजा आधी अडकतो, मग बोटं ओढली जातात. गळ्यातला रुमाल, ओढणी, सुटा पदर, हातातलं कडं यांचंही तेच. चालू यंत्राजवळ तपासणी किंवा वंगणाचं काम खास प्रशिक्षित माणसानेच, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून करावं, असं १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २२व्या कलमातच होतं (२०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली). तसा माणूस तुमच्याकडे कोण, हे रजिस्टरमध्ये नावानिशी असायला हवं.

आता आग. कापसातून आलेला लोखंडी तुकडा किंवा खडा यंत्रात घासला की ठिणगी पडते. ट्रॅक्टरचा सायलेन्सर, कोपऱ्यात ओढलेली बिडी, हेही आहेतच. प्रशिक्षणात आग विझवायचं नळकांडं भिंतीवर दाखवतात. प्रत्येकाच्या हातात देत नाहीत. पिन काढताना चाचपडणारा माणूस खऱ्या आगीत काय करील? ते काही सेकंदांत रिकामं होतं, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. सुट्या रुईवर (सरकी काढलेल्या कापसावर) पाण्याचा जोरदार फवारा मारला तर पेटलेले पुंजके उडून दुसऱ्या गंजीवर पडतात. पाणी बारीक, पसरट धारेने मारायचं, विजेच्या पॅनलवर मात्र अजिबात नाही. पावडरीने वरची ज्वाळा बसते, पण आतली धग राहते. रुई दाबून बांधलेल्या गठाणीत तर ती कित्येक दिवस धुमसते आणि मग गोदामात भडकते. संशयाची गठाण गोदामाबाहेर, मोकळ्यावर, एकटी ठेवा आणि तिच्यावर पहारा लावा.

आणि सुपरवायझर? त्याला बहुतेक ठिकाणी प्रशिक्षणात बसवतच नाहीत. तो हजेरीच्या सह्या घेतो. दुसऱ्या दिवशी घाई असली की तोच चालू पट्टा ओलांडून जातो. मजूर स्लाइड विसरतात, हे मात्र पाहून ठेवतात. मालकाने त्याला सगळ्यांसमोर एवढं एकच सांगावं: गुंता काढायला मशीन थांबवलं म्हणून तुला कुणी जाब विचारणार नाही. हे शब्द मालकाच्या तोंडून यायला हवेत.

बोट चाटून गेलं, ठिणगी पडून विझली, असले थोडक्यात वाचलेले प्रसंग दडपले जातात. कारण सांगणाऱ्याचीच आधी खरडपट्टी निघते. ती बंद केली तर पुढच्या अपघाताची जागा कुठली ते तुम्हाला आधीच कळेल. जखमेत हळद भरू नका, स्वच्छ कापड दाबून धरा. बोट तुटलंच तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात नको.

प्रशिक्षण झाल्यावर आठेक दिवसांनी, न सांगता, रात्रपाळीत एक फेरी मारा. कुलूप खुंटीला आहे की स्विचला, ते बघा.