जुन्या डिझेल ट्रकचा दम गेलाय? इंजिन उघडण्याआधी एवढं तपासा

सोलापुरातून तुळजापूरला निघालेला भरलेला ट्रक घाटात दुसऱ्या गिअरवर आला, की मालक म्हणतो, "इंजिन गेलं, आता काम काढावं लागणार." जरा थांबा. माझ्या अनुभवात दम बहुतेक वेळा इंजिनाबाहेरच अडकलेला असतो. एक तर हवा नीट पोचत नाही, नाहीतर डिझेल. पान्यांचा सेट असला तर ही तपासणी घरी होते. फक्त गाडी जुन्या मेकॅनिकल डिझेल पंपाची (इंजिनाला दाबाने डिझेल देणारा पंप) हवी. कॉमन रेल (सगळ्या नोझलांना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीच्या) इंजिनाच्या डिझेल पाइपांना घरी पाना लावू नका. तिथला दाब १,००० बारच्या वर जातो आणि ती धार कातडी फोडून आत शिरते.

आधी: दोष इंजिनाचाच आहे का?

दहाएक किलोमीटर गाडी चालवून थांबा आणि प्रत्येक ड्रमजवळ हात न्या, लावू नका. एकच चाक भट्टीसारखं तापलं असेल तर ब्रेक धरतोय. चढाला इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. मग इंजिन बंद ठेवून कुणाला तरी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि डिझेल पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकतो का ते बघा. लिंकेज (पेडल ते पंप जोडणारे दांडे) झिजलं असेल तर पेडल तळाला लागूनही पंप अर्धाच उघडतो.

हवा

काळा धूर आणि कमी पिकअप दिसला की पहिला हात एअर क्लीनरला. ऊस वाहणारी गाडी हंगामभर शेतातल्या फुफाट्यात फिरते. तेलाचा क्लीनर असेल तर तळाचं तेल ओतून गाळ काढा, जाळी डिझेलने धुऊन निथळू द्या आणि नवीन तेल खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. टर्बो असेल तर होज कुठे फाटलाय का ते बघा. एक्झॉस्ट ब्रेकची (धुराची वाट अडवून वेग कमी करणाऱ्या ब्रेकची) पाकळी बंद स्थितीत अडकली असेल तरी गाडी ओढत नाही.

डिझेल

इथे घाई करू नका. माझी गाडी वीसेक किलोमीटर छान पळायची आणि मग मरायची. एका गॅरेजवाल्याने दोनदा फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) बदलला, फरक शून्य. शेवटी वैतागून टाकीचं झाकण फिरवलं तर "सुस्स" करून हवा आत गेली. झाकणातलं बारीक भोक मातीने बुजलं होतं. डिझेल संपत जाईल तशी टाकीत पोकळी तयार व्हायची आणि फीड पंपाला डिझेल ओढवायचं नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा: झाकण, टाकीतली जाळी, फीड पंपाची जाळी, मग फिल्टर. टाकी ते फीड पंप ही ओढीची लाइन आहे. तिथे पाइप चिरला तर चालू गाडीत डिझेल गळत नाही, उलट हवा आत येते. म्हणून कोरडा पाइपही निर्दोष समजू नका. शंका असेल तर थोड्या वेळापुरता पारदर्शक पाइप जोडून बुडबुडे बघा. शेवटी फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा दट्ट्या) मारा. फेस थांबून सलग धार आली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग डिझेल पंपावरच्या एअर स्क्रूचंही तसंच करा.

सिलिंडर

डोळ्यांना चष्मा लावा, हातात मोजे घाला. इंजिन स्लोवर ठेवून एकेका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) पाइपचा नट चिंध्या धरून अर्धा फेरा सैल करा आणि लगेच आवळा. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही तर दोष तिथे आहे. ते नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून बघा, तांब्याचे वॉशर मात्र नवे घ्या. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. तिथेच राहिला तर टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट) तपासा. गॅप मॅन्युअलप्रमाणेच ठेवा.

गरम इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण काढल्यावर ठोक्याठोक्याने जोरात धूर येत असेल तर रिंग-लायनरचं (पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या आतलं अस्तर बदलण्याचं) काम आलं. ते गॅरेजलाच द्या.

आणि पंपावरचा सील केलेला डिझेलचा स्क्रू कुणी कितीही सांगितलं तरी फिरवू नका. दोन दिवस पिकअप वाढल्यासारखा वाटतो, नंतर काळा धूर आणि जळके पिस्टन. कॅलिब्रेशन पंप रूममध्येच करून घ्या. पंप उतरवण्याआधी मात्र फ्लँजवर आणि कपलिंगवर खुणा करून ठेवा, नाहीतर परत बसवताना टायमिंग चुकेल.